आरशाआडचा हात

टोकावड्याच्या भाताच्या गिरणीत सावळीचा डावा हात पट्ट्यात सापडला, तेव्हा मालक भगीरथ बटणापाशीच उभा होता. ती ओरडली, बाकीच्या बायका ओरडल्या. त्याने आधी लावलेलं पोतं भरू दिलं आणि मग मोटर बंद केली. तोवर मनगटावरच्या हिरव्या बांगड्यांचा चुरा मांसात रुतला होता.

हाड जुळलं, जखमा भरल्या. दुखणं मात्र मुक्कामाला राहिलं. वाऱ्याची झुळूक लागली तरी हात पेटायचा. एक्स-रे स्वच्छ, म्हणून भगीरथाने गावभर सांगितलं की बाई नाटकी आहे. कोणी तिला शेतात भाताच्या आवणीला बोलवेना. ती कण्हायला लागली की नवरा देवजीसुद्धा उठून बाहेर जाऊन बसायचा. हातापेक्षा ते जास्त लागायचं. भगीरथाला हे एकदा तरी कळू दे, याखेरीज देवाकडे तिचं दुसरं मागणं उरलं नव्हतं.

शहापूरच्या दवाखान्यात डॉक्टर हर्षालीने तिच्या तळव्यावर दाब मोजायचं काट्याचं यंत्र टेकवलं. काटा जेमतेम हलला आणि सावळीने हात ओढून घेतला. मग हातांची चित्रं दाखवली. डावा कुठला, हे सांगताना ती पुन्हा पुन्हा अडखळली. डॉक्टर म्हणाली, हात बरा झालाय, पण मेंदू दुखायला शिकलाय, आणि त्याच्याजवळचं या हाताचं चित्र पुसट झालंय. दुखणं खरं आहे. एवढं ऐकून सावळी ढसाढसा रडली.

उपाय होता आरसा. मधोमध तो उभा करायचा, दुखरा हात त्याच्या आड, चांगला समोर. चांगला हलवत आरशात बघत राहायचं. मेंदूला वाटतं, दुखराच हलतोय.

सावळी रोज पडवीत आरसा मांडून बसायची. थोडा आराम पडू लागला. एका दुपारी भगीरथ गिरणीच्या कामासाठी देवजीला शोधत त्यांच्या गावी, वैशाखऱ्याला आला. आरसा बघून त्याला हसू आवरेना.

"आता ह्यो काय नवा खेळ गो? सरक, बघू दे आमाला."

तो शेजारी टेकला आणि तिचा चांगला हात बाजूला सारून त्याने आपला उजवा हात आरशासमोर ठेवला. बटणावरचा हात.

सावळीने आरशात पाहिलं. तिच्या डाव्या हाताच्या जागी जाड, केसाळ हात होता. तिने नजर हलवली नाही. घे, ती मनात म्हणाली.

आरशातली बोटं आक्रसली.

भगीरथ हात झटकत उठला आणि निघून गेला. सावळीने डावा हात बाहेर काढला. झुळूक आली. हात पेटला नाही.

पुढे भगीरथाचा हात दुखायचा थांबेना, तेव्हा देवजीच त्याला शहापूरला घेऊन गेला. परतल्यावर देवजी पडवीत टेकला.

"एक्स-रेमदी काय नाय," तो म्हणाला. "काटा हलायच्या आदीच बोंबलला. सारखा बोलतो, बांगड्या काढा, मनगटात रुतल्यात."

"नाटकं करतो," सावळी म्हणाली.

भगीरथाची बायको आरसा मागायला आली. सावळीने तिला परसात फोडलेल्या आरशाच्या काचा दाखवल्या.

मग मुरबाडच्या बाजारात ती कासारापुढे बसली. किती तरी दिवसांनी तिने डावा हात पुढे केला होता. हिरवी बांगडी चढवताना कासार थांबला. माप लहान आहे, म्हणाला, हात सोलून निघेल, मोठं देतो.

बांगडी हाडाला घासत होती, तिला काही लागत नव्हतं. सावळीने हात तसाच ठेवला.

"याच्याहून बारीक माप नाय का?"