तिसरा ठसा

शिलालेखाचा ठसा घेणं हे दिसतं तितकं विद्वत्तेचं काम नाही. आधी दगड झाडून स्वच्छ करायचा. त्यावर ओला कागद चिकटवायचा आणि तो अक्षरांच्या खाचांत बसेपर्यंत ताठ केसांच्या ब्रशाने ठोकत राहायचं. कागद जरा सुकत आला की शाईचा बोळा हलकेच टिपायचा. खाचांत खोल गेलेल्या कागदाला शाई लागत नाही. त्यामुळे अक्षरं पांढरी उमटतात, भोवतालचा दगड काळा. वाळल्यावर कागद सोलून घ्यायचा. पापड लाटणाऱ्या बाईला हे माझ्यापेक्षा चांगलं जमेल.

मी मात्र प्रत्येक लेखाचे तीन ठसे घेतो, तेही वेगवेगळ्या दिवशी. तिन्ही ठशांत जे अक्षर दिसेल तेवढंच खरं मानायचं. ही सवय मला एका चुकीने लावली.

१९५८ साली मी एका सभेत निबंध वाचला होता. कान्हेरीच्या एका झिजलेल्या लेखात मला सातवाहन राजाचं नाव दिसलं होतं. शाळेतल्या इतिहासाच्या मास्तराला एवढा मोठा शोध लागला म्हणून मी आठ दिवस धड जेवलो नव्हतो. निबंध संपल्यावर एक वयोवृद्ध अभ्यासक उभे राहिले. त्यांनी शांतपणे एक छायाचित्र दाखवलं. माझी दोन अक्षरं म्हणजे दगडाची नैसर्गिक चीर होती. "मास्तरांना राजा फार हवा होता," ते म्हणाले, "म्हणून तो दिसला." लोक हसले. त्यांचं बरोबर होतं, आणि तेच मला सोसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच कान्हेरीला गेलो. मे महिना होता. सगळ्यात वरच्या अंगाला, जिथे सहसा कोणी जात नाही, तिथे कड्याजवळ एक लहानसं टाकं आहे. मी त्याच्या काठावर बसलो. मनात काय होतं ते इथे लिहीत नाही. पलीकडे कडा होता, एवढं सांगितलं तरी पुरे. बराच वेळ गेल्यावर तहान लागली. पालथं पडून टाक्यात हात घातला आणि ओंजळभर पाणी प्यायलो. ते इतकं गार होतं की दात दुखले. मग उठलो आणि खाली आलो. जूनमध्ये शाळा उघडल्यावर सातवीला मौर्य शिकवले.

ते पाणी कोणाचं, हे तेव्हा मनातही आलं नाही.

पुढे मी राजांचा नाद सोडला. कान्हेरीच्या डोंगराने पुष्कळ राजे पाहिले. सातवाहन गेले, त्रैकूटक आले, राष्ट्रकूटांचे मांडलिक शिलाहार आले. साध्या विहारांत महायानाच्या मूर्ती आल्या, मग भिक्षूच कमी होत गेले. पण भिंतींवर बहुतेक वेळा बोलतात ती साधी माणसं: कल्याणचा कोणी सोनार, कोणी व्यापारी, कोणी भिक्षुणी. कोणी लेणं दिलं, कोणी पाण्याचं टाकं. टाक्याला त्या लेखांत 'पोढी' म्हणतात. राजाचं नाव असलंच तर साल कळावं म्हणून. देणाऱ्याचं नाव मात्र आवर्जून कोरलेलं. माणूस पाणी देतो आणि प्यायलेल्याला कळावं म्हणून नाव ठेवून जातो, हे मला फार आवडे.

निवृत्त झाल्यावर आम्ही बोरिवलीला कुलूपवाडीत राहायला आलो. १९८४च्या डिसेंबरात डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा गेलाच होता. "उजव्याचं वर्षभर धरा," ते म्हणाले. "औषध घाला. पण वाचायचं असेल ते वाचून घ्या."

मला एकच वाचायचं होतं. माझ्या टाक्याच्या वर, कोनाड्यातल्या भिंतीवर, एक पुसट लेख आहे. कोणाच्याही यादीत मला तो आढळला नाही. कदाचित मीच नीट शोधलं नसेल. पण त्यात देणाऱ्याचं नाव असणार, आणि दिसेनासं होण्याआधी मला ते हवं होतं.

परवानगीचं पत्र मिळवून जानेवारीत पहिला ठसा घ्यायला गेलो. सोबत लहू होता. तिथला चौकीदार, जंगलातल्याच पाड्यावरचा, पन्नाशीचा. माझ्या पाण्याच्या कॅनकडे बघून तो म्हणाला, "मास्तर, हे कशाला वर वाहता?"

"कागद भिजवायला. टाक्यातलं पाणी घेतलं तर घाण व्हायचं."

"कुठल्या टाक्यातलं?"

मी बोट दाखवलं. तो हसला. "त्यात कसलं पाणी? तळाला चीर हाय. पावसात भरतं न् पावसातच रिकामं होतं. माझा बाप इथं गुरं चारायचा, त्यानंपन उन्हाळ्यात थेंब बघितला नाय."

"मी प्यायलोय रे. अठ्ठावन्न साली, मे महिन्यात."

"मग दुसऱ्या टाक्यातलं प्यायला असाल. इथं काय एक टाकं हाय?"

मी वाकून पाहिलं. आत धूळ, सागाची पानं आणि सापाची कात होती. मी लगेच लहूचं म्हणणं मान्य केलं. माझ्या आठवणीपेक्षा त्याच्या बापाची गुरं भरवशाची वाटली.

तरी ठसा घेतला. सुरुवातीचा वीतभर भाग, म्हणजे नावाची जागा, पूर्ण झिजलेला होता. पुढे एकच ओळ. तिच्याखाली सपाट दगड.

घरी मी ठसा बायकोपुढे, रत्नप्रभेपुढे ठेवला. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नव्हता, तेव्हा मी एक युक्ती काढली होती. जिला ती ब्राह्मी लिपी येत नाही तिनेच बघून कागदावर काढायचं, रांगोळी काढते तसं.

"माका मेलीक काय कळतला त्यातला?" ती म्हणाली. घरात ती मालवणीच बोलते.

"कळत नाही म्हणूनच तू हवीस. तुला राजा दिसायचा नाही."

ती चष्मा लावून बसली. "ह्यो बघा नांगर. ह्या धनुष्य. आणि ह्यो मासो. अहो, कोळणीचा टाकां होता की काय?"

नांगरासारखा य, धनुष्यासारखा ध, माशासारखा म. 'देयधम', म्हणजे दान. आधीचे दोन आकार 'पोढी'चे. हे टाकं दान, एवढंच. कोणाचं, ते नाही.

मार्चमध्ये दुसरा ठसा घेतला. तीच ओळ, तीच झीज, खाली तसाच सपाट दगड. रत्नप्रभेनेही तेच काढलं. येताना मला पायऱ्यांच्या कडा दिसेनाशा झाल्या होत्या. लहूने दंडाला धरून उतरवलं. "आता पुरे करा, मास्तर," तो म्हणाला. "तुमाला पडलेलं मला बघायचं नाय."

"एकच राहिलाय."

"दोघांत दिसलं नाय ते तिसऱ्यात कुठनं येनार?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण माझा नियम तीनचा होता.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. पळसाचा बहर संपून पानं करपली होती. काळा दगड चपलेतून भाजत होता. लहूला खाली त्याच्या साहेबांनी थांबवून घेतलं, म्हणून मी एकटाच वर गेलो. पिशवी टेकवून भिंत झाडत होतो, तेवढ्यात मागे खडखडाट झाला. माकडाने कॅन पाडला होता. झाकण उडालं आणि सगळं पाणी दगडावर सांडलं. बघता बघता दगड कोरडा झाला.

मी काठावर बसलो. उजव्या डोळ्यापुढे आता एका गोल भोकाएवढंच जग उरलं होतं. पुन्हा यायला दृष्टी राहील असं वाटत नव्हतं. ज्याचं पाणी पिऊन इतकी वर्षं काढली त्याचं नावही न कळता आता अंधारात बसायचं, या विचाराने मला रडू आलं. म्हाताऱ्या माणसाने असं करू नये, पण तिथे कोणी नव्हतं.

रडताना हात सहज टाक्यात गेला.

बोटं गार झाली.

मी हात वर काढला. मनगटापर्यंत ओला होता. खाली वाकून पाहिलं, पण डोळ्यांना फक्त अंधार दिसत होता. पुन्हा हात घातला. पाणी काठापासून वीतभरच खाली होतं, जराही हलत नव्हतं. वास नव्हता. पानही लागलं नाही.

कॅनमध्ये ते भरून घेतलं आणि कागद भिजवला.

कागद भिंतीवर चढवून ठोकायला लागलो. ऊन पाठीवर होतं. अर्ध्यावर चक्कर आल्यासारखं झालं. चष्मा काढला आणि डोळे मिटून तोंड त्या ओल्या कागदावरच टेकलं, डाव्या टोकाला, नावाच्या जागी. कागद गार होता. पापण्यांवर हलका दाब जाणवला. उन्हाने डोक्यात रक्त ठोकतंय असं मी स्वतःला सांगितलं.

किती वेळ तसा होतो ते कळलं नाही.

मग बोळा घेऊन शाई टिपली. वरची ओळ पांढरी उमटत गेली. मी सवयीने खालच्या सपाट जागेवरही बोळा फिरवला.

तिथे अक्षरं आली.

लहू धापा टाकत वर आला तेव्हा मी कागद सोलत होतो. माकडाने पाणी सांडल्याचं मी त्याला सांगितलं. "मग कागद भिजवलात कशानं, मास्तर?" त्याने झाकण नसलेला कॅन पाहिला. "पानी कुठनं आनलंत?"

मी टाक्याकडे बघितलं. त्याने काठी आत घातली. काठी खाली जाऊन खडखडली आणि वर आली ती धूळ लागून. टोकाला सापाची कात लटकत होती.

कागद त्याने माझ्या हातून घेतला नाही. खाली उतरेपर्यंत तो माझ्या दोन पावलं पुढे होता आणि मागे वळून बघत नव्हता.

पायथ्याशी आल्यावर माझ्या ध्यानात आलं, की सगळ्या पायऱ्या मी एकट्याने उतरलो होतो.

घरी रत्नप्रभेने ठसा पाहिला आणि काही न विचारता पेन्सिल घेतली. दुसरी ओळ तिने हळूहळू काढली. मी वाचली: सवसतानं हितसुखथ. सर्व जीवांच्या हितासाठी, सुखासाठी. असल्या लेखांत नेहमी येणारं वाक्य. नाव त्यातही नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "वरची अक्षरां धवी आणि खालची काळी कशी?"

मी बोट फिरवलं. वरची ओळ नेहमीसारखी खोल होती, ब्रशाने आत ठोकलेली. खालची फुगीर होती. ती अक्षरं माझ्या बाजूला उठली होती, म्हणून त्यांना शाई लागली होती. असं व्हायला कागद दगडाच्या बाजूने दाबावा लागतो.

माझ्या नियमाप्रमाणे ती ओळ खरी नाही, कारण ती तीनपैकी एकाच ठशात आहे. म्हणून मी ती कुठे छापली नाही, कुठल्या सभेत वाचली नाही. पावसाळ्यानंतर मुद्दाम वर जाऊन पाहिलं. खालचा दगड सपाटच आहे, टाकं कोरडंच आहे.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. डावा डोळा गेला तो गेलाच, पण उजवा होता तिथेच थांबला आहे. डॉक्टर दर सहा महिन्यांनी तपासतात आणि म्हणतात, "थेंब लागू पडलेत." तेही खरं असेल. हे मी स्वतः लिहितो आहे, माझ्याच डोळ्याने, आणि ज्यांचे आभार मानायचे त्यांचं नाव मला ठाऊक नाही. दर मे महिन्यात मी कॅनभर पाणी वर नेऊन त्या टाक्यात ओततो. लहू आता कॅन उचलायला येतो, पण टाक्यापाशी थांबत नाही. "तुमचं तुमी द्या, मास्तर," म्हणतो. ओतलेलं पाणी झिरपून जाताना मी अजून पाहिलेलं नाही. तेवढा वेळ मी तिथे बसत नाही.

एक गोष्ट राहिली. ती रत्नप्रभेला दिसली.

त्या दिवशी ठसा गुंडाळायच्या आधी तिने तो खिडकीशी उजेडात धरला, उलट्या बाजूने. "हे दोन खड्डे कसले?"

नावाच्या जागी, दगडाला टेकलेल्या बाजूने, दोन उथळ खळगे होते, जवळ जवळ. तिने मला चष्मा काढायला लावला आणि कागद माझ्या तोंडावर धरला.

दोन्ही माझ्या पापण्यांवर आले.

तिने कागद खाली घेतला, त्या खळग्यांत आपले दोन्ही अंगठे ठेवून पाहिले आणि पटकन काढले. तिचे हात लहान आहेत. पण ते खळगे पाडणारे अंगठे आणखी लहान होते, आणि दगडाच्या बाजूने ते खळगे अजून ओले होते.