संध्याकाळची खूण

“आणखी एक शाळा? अगं, दारोदार फिरून झालं ना तुझं! आता तरी बसव पोरीला गप घरात!”

सासूबाईंनी हातातलं पातेलं ओट्यावर असं काही आदळलं, की शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं... आणि त्यांच्या पायाशी खेळणाऱ्या भिंगरीनं मात्र मान वर करून पाहिलंसुद्धा नाही!

भिंगरीला ऐकूच येत नव्हतं. घरभर गरगर फिरायची म्हणून भिंगरी. सहावं लागलं तरी एक शब्द तिच्या ओठांवर आला नव्हता.

“तापानं फणफणलेलं लेकरू टाकून कामावर गेलीस ना, त्याचीच ही फळं!” सासूबाईंचा हा टोमणा सुनेला नवा नव्हता. नवरा लांबच्या ट्रकवर. ‘तुला योग्य वाटेल ते कर’ म्हणून हात झटकून मोकळा. बोलणी खायला ही होतीच घरात! आणि दुःख हे, की तिचं स्वतःचं व्याकूळ अंतःकरणही तिला रोज तेच सांगायचं... तूच गं, तूच घालवलेस लेकीचे कान!

ती शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवायची. तिथं यंत्रांच्या घरघरीत कानात ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, म्हणून साऱ्याजणी बोटांनीच बोलायच्या. दोरा संपला, साहेब आला, चहा झाला का... त्याच खुणा तिनं घरी आणल्या, त्यात लेकीसाठी आणखी घातल्या, आणि मायलेकींचा संसार त्या मूठभर खुणांवर चालला होता.

पहिली शाळा कशी चकचकीत! मुख्याध्यापिका गोड हसल्या. “आमची काही हरकत नाही हो, पण बाकीचे पालक...” पुढचं सांगायची गरजच नव्हती. दुसरी शाळा घराजवळची. तिथले गुरुजी भला माणूस. वर्गभर फिरवून त्यांनी मागचा बाक दाखवला आणि डोळे खाली घातले. “बसेल ती इथं, कुणी उठवणार नाही. पण मी फळ्याकडे तोंड करून शिकवतो, ताई. तिला काय कळणार? खोटं कशाला सांगू?” त्या बाकावर आधीच एक मुलगा बसला होता, सगळ्यांची पुस्तकं उघडी असताना त्याचं मिटलेलं. तो बाक तिच्या डोळ्यांपुढून हलेना!

आणि ही तिसरी... रात्रभराच्या बसच्या वाटेवर, ऐकू न येणाऱ्या मुलांची, तिथंच राहायची शाळा. “आवडली तर ठेवूनच जा, कपडे घेऊन या,” असं तिथल्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं. सासूबाईही निघाल्या. “तिथं भांडायला कुणीतरी नको का? तुझ्या तोंडाला तर कुलूप!”

फाटकातून आत गेल्या आणि दोघी थबकल्या. अंगण मुलांनी भरलेलं, पण गलका नाही. सगळे हात नुसते उडत होते! भांडणं हातांनी, चिडवाचिडवी हातांनी. भिंगरी आईचं बोट सोडून त्यांच्यात घुसली, ती घुसलीच. घटकाभरानं पळत आली, आकाशातल्या विमानाकडे बोट दाखवलं आणि कपाळाशी बोटं नेऊन त्या मुलांकडून उचललेली एक खूण केली.

आईला ती कळलीच नाही! लेकीनं पुन्हा केली, अधीर होऊन पुन्हा केली...

“ती ‘का’ विचारतेय,” बाई म्हणाल्या. “का उडतं?”

का! इतक्या वर्षांत मायलेकींकडे ‘का’ नव्हता.

मग कानांची तपासणी झाली. बाईंनी विचारलं, “तान्ही असताना आवाजानं दचकायची का हो?” आईनं आठवून आठवून मान हलवली. नाही. खुळखुळ्याला नाही, भांडं पडलं तरी नाही. शांत बाळ म्हणून सगळे कौतुक करायचे. बाई म्हणाल्या, “ही जन्मापासूनच अशी आहे. तापाचा काही संबंध नाही.”

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या बाहेर जाऊन पायरीवर बसल्या.

निघायची वेळ झाली. सहामाही सुट्टीपर्यंत भेटायचं नाही, नाहीतर मूल रुळत नाही, असा तिथला नियम. पण हे लेकीला सांगायचं कसं? खूणच नव्हती! गालाखाली हात ठेवून तिनं झोपायची खूण केली... पुन्हा... पुन्हा... खूप झोपा झाल्या की येईन गं! भिंगरी खुदकन हसली. तिला वाटलं, आईला झोप आली! पण कपड्यांची पिशवी परक्या खाटेवर दिसली मात्र, तिची हनुवटी थरथरू लागली.

आणि मग त्या माउलीनं ते केलं. कामावर जाताना ती रोज करायची ती खूण... तळवा आडवा धरून हळूहळू खाली नेला, सूर्य मावळला. आणि हवेत दारावर थाप मारली, मी आले!

भिंगरीचा चेहरा लगेच निवळला. ‘जा, जा’ म्हणून हात हलवून ती अंगणात पळालीसुद्धा.

फाटकाबाहेर सासूबाईंनी तिचा दंड धरला. “चल, घेऊन येऊ तिला! मला नाही गं घर खायला उठलेलं सोसणार... माझ्या जिभेला हाड नव्हतं, पोरी. इतकी वर्षं जाळलं तुला. मला मार, पण तिला घरी आण!”

“नको, आई!” तिनं दंड सोडवून घेतला. “आज आणलं तर जन्मभर त्या मागच्या बाकावर बसेल. तिला ‘का’ विचारू दे... मग भले ती मलाच विचारो.”

बस सुटली. बऱ्याच वेळानं सासूबाईंनी हळूच विचारलं, “निघताना काय सांगितलंस गं तिला?”

“संध्याकाळी येते म्हणून सांगितलं.”

उन्हं तांबडी होत चालली होती. आता भिंगरी खेळ टाकून दाराशी जाऊन बसली असेल! दोघींनाही ते ठाऊक होतं. सासूबाईंनी खिडकीचा पडदा ओढला, सुनेचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.

“रड,” त्या म्हणाल्या, “इथं तिला दिसणार नाही.”