अकरा पानांचं रोप

अंधाऱ्या कपाटातली चार पानं खिडकीतल्या उन्हात मांडून एक अनोळखी माणूस त्यांच्यावर पाणी शिंपडत होता. ते पाहून प्रयोगशाळेच्या दारातच तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"ही बाहेर कुणी काढली?"

"मी. रोपवाटिकेतून मीच पाठवली होती. चौकशीला आलो, तर कपाटात कोंडलेली... गुन्हा काय हो बिचाऱ्यांचा?"

"दोन दिवस अंधारात ठेवली की पानांतला स्टार्च संपतो. नाहीतर डीएनए चिकट निघतो, मशीनला वाचता येत नाही. गेलं ना सगळं मुसळ केरात."

त्याचा चेहरा पार उतरला. एका दुर्मीळ जातीचं शेवटचं झाड वादळात पडलं होतं. ही पानं ज्या रोपाची, ते त्या झाडाच्याच बीचं, असं तो म्हणे, आणि रोपवाटिकेचे साहेब म्हणत, साधंच आहे, उपटा. पानांना हिरवं करणाऱ्या हरितलवकाचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, या झाडांत आईकडूनच येतो. पडलेल्या झाडाच्या वाळक्या पानातून तिने तो आधीच वाचला होता. आता रोपाचा त्याच्याशी जुळला, तरच ते वाचणार होतं.

दुसऱ्या दिवशी तो आणखी चार पानं घेऊन आला. "अकरा होती. आता तीनच उरली," एवढंच म्हणाला आणि कपाटासमोर स्टूल टाकून बसला.

"माझ्यावर विश्वास नाही?"

"माझ्यावर नाही," तो म्हणाला. "परत कीव यायची."

तिला हसू आवरेना. दोन दिवस तो तिथेच ठाण मांडून होता. कामाच्या नादात तिचा डबा तसाच राही, तो न बोलता तिच्यापुढे सरकवी. तो गेल्यावर रिकामं स्टूल तिला उगाचच खटकू लागलं. जागेवर ठेवायला म्हणून उचललं, तरी ठेववेना...

तीन आठवड्यांनी निकाल आला. तो छापून घेऊन ती तीन तास बसने रोपवाटिकेत गेली.

"जुळलं," ती म्हणाली. "अगदी आईसारखं."

त्याने कागद दोनदा वाचला.

"दोन नवी पानं फुटलीत," शेवटी तो म्हणाला. "हवीत का?"

"नकोत."

"मग एवढ्या लांब... हे फोनवरही सांगता आलं असतं की."

"हे आलं असतं," ती म्हणाली. "तुम्ही मला आवडता — ते नसतं आलं."