प्लॅस्टर निघालं त्या दिवशी

माझा स्केटबोर्ड पायाखालून निसटला आणि थेट त्याच्या नडगीवर जाऊन आदळला — अशी आमची ओळख! बागेमागच्या स्केटपार्कमध्ये तो एकटाच कठड्यावर बसला होता, उजवा हात प्लॅस्टरमध्ये.

"हात गेलाच आहे, आता पायही घेतेस का?"

"सॉरी... याला ब्रेक नाही."

"ब्रेक तुला लावायला हवा, घसरगुंडी!"

झालं, नाव पडलं! मग मीही त्याला 'प्लॅस्टर' म्हणायला लागले. शाळा सुटली की मी तिथे हजर आणि तो कठड्यावर. त्याला खेळता येत नव्हतं, म्हणून मला शिकवायचा. आणि शिकवलं काय, तर आधी पडायला! "पडणारच आहेस, तर नीट पड." उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणारी मी... आता सगळ्यांदेखत धपकन पडायचे नि हसत उठायचे. आई म्हणायची, "गुडघे फुटलेत आणि चेहरा बघा, लॉटरी लागल्यासारखा!"

धास्ती एकच होती. प्लॅस्टर निघालं की हा मोठ्या उतारावर, मित्रांमध्ये जाणार. मग माझ्यासाठी कठड्यावर कोण बसणार?

काल ते निघालं. बोर्ड घेऊन तो उताराच्या टोकावर उभा राहिला... आणि उभाच राहिला. मित्र खालून हाका मारत होते. मी वर चढले. फिकटलेल्या, बारीक झालेल्या हाताने त्याने बोर्ड घट्ट धरून ठेवला होता.

"इथेच मोडला होता," तो पुटपुटला. "कुणाला सांगू नकोस... टरकलीय माझी."

"पडणारच आहेस, तर नीट पड."

"माझंच मला?"

"गुडघे वाकव. खाली बघू नकोस."

"मग कुठे बघू?"

"माझ्याकडे!" — बोलून गेले, आणि कान असे तापले म्हणून सांगू!

मी धावत खाली जाऊन उभी राहिले. तो आला... सुसाट, माझ्याकडे बघत! आणि अर्थातच शेवटी धडपडला, खांद्यावर लोळण घेत माझ्या पायाशी. अगदी नीट पडला! पोरांनी बोर्ड जमिनीवर आपटले. तिथली टाळी तीच.

"थँक्यू, घसरगुंडी."

"थँक्यू तर मी म्हणायचं, वेड्या. आता जा, मित्र वाट बघतायत."

"बघू देत."

तो उठला, कपडे झटकले आणि कठड्यावर आपल्या जागी जाऊन बसला.

"तू आवडतेस मला," तो तिथूनच म्हणाला. "चल, आता तुझी पाळी."

मी वर गेले. गुडघे वाकवले. खाली बघितलंच नाही.