दगडाचं पोट

पाणी बंद करायला म्हणून थोरली शेताकडे निघाली, तेव्हा ऊन डोक्यावर होतं. काम साधंच होतं. सकाळी गव्हाला पाणी सोडलं होतं, आता पंप बंद करायचा आणि येताना जमलं तर गवताचा एखादा भारा आणायचा. अशा वेळी भुताखेतांचा विचार कोणी करत नाही. भूत म्हटलं की आपल्याला अंधार लागतो, घुबड लागतं, निदान एखादं पडकं घर तरी लागतं. पण ज्यांनी रानात एकट्यानं दुपार काढली आहे त्यांना विचारून बघा. भर दुपारी रान जेवढं गप्प होतं, तेवढं ते रात्रीही होत नाही.

थोरली म्हणजे घरातली मोठी सून. सासू गेली, नवराही गेला, आता घरात तिच्याहून मोठं कोणी उरलं नव्हतं. तरी गाव तिला थोरलीच म्हणत असे. शेत तिचं आणि धाकट्या दिराचं मिळून होतं. खरं विचाराल तर ते दोघांचंही नव्हतं, ते सासूचं होतं.

सासू लग्न होऊन आली तेव्हा त्या जागेत माती शोधावी लागायची. जिकडे पाय टाकावा तिकडे दगड. तिनं कमरेवर पाटी घेतली आणि वेचायला सुरुवात केली, ती मरेपर्यंत थांबली नाही. गाव तिला धोंडाई म्हणायचं, आधी चेष्टेनं आणि पुढे मानानं. त्या दगडांचाच तिनं शेताभोवती बांध घातला. त्याला ना चुना, ना सिमेंट, पण आजही त्यातला एक दगड जागचा हलत नाही.

"दगडाला पोट असतं गं," ती सुनेला सांगायची. "ते ओळखायचं आणि त्याला पोटावर निजवायचं. मग तो उठत नाही."

निजवल्यावर ती दुसऱ्या दगडानं त्याच्या पाठीवर ठोकायची. टक, टक. आणि वर म्हणायची, "बस आता."

थोरलीला हे कधी जमलं नाही. तिनं लावलेल्या दगडावर सासू पाय ठेवून बघायची आणि तो डुलायचाच. मग एक शब्द न बोलता उपसून पुन्हा लावायची. त्या न बोलण्याचं थोरलीला जेवढं लागायचं, तेवढं शिव्यांचं लागलं नसतं.

घरात एकच शब्द वर्ज्य होता, 'पडीक'. एकदा कोणी पाहुणा बोलता बोलता म्हणाला, की तुमची ती पडीक जागा आता बरी दिसते. धोंडाईनं त्याच्यासमोरचं ताट उचलून आत नेलं होतं.

आणि आता कंपनीनं तोच शब्द कागदावर आणला होता. कंपनी सोलरची. उन्हावर वीज करायची तर गावाची काही ना नव्हती. घराघराच्या छपरांवर लावा, डोंगराच्या उघड्या अंगावर लावा, असं लोक पहिल्या दिवसापासून सांगत होते. पण डोंगरावर रस्ता करा, जागा सपाट करा, ही कटकट कंपनीला नको होती. तिला आयती सपाट जमीन हवी होती, म्हणून ओढ्यापासून रस्त्यापर्यंतचं सगळं पिकतं रान कागदात 'पडीक' लिहून मोकळं झालं होतं. धोंडाईचं शेत त्याच्या बरोबर मधोमध. ते मिळाल्याशिवाय बाकीचं जुळत नव्हतं. गाव म्हणायचं, थोरली देत नाही तोवर आम्हीही देत नाही.

ऐकायला हे छान वाटतं. पण गावाचा मान पाठीवर घेऊन गव्हाला पाणी देणारी कंबर एकटीचीच असते.

"दगडापेक्षा वीट मऊ, वहिनी," धाकटा दीर रोज समजवायचा. "पोरं काही शेतीला परत येत नाहीत. तुमच्यानं उभं राहवत नाही. किती दिवस ओढणार?"

तो लबाड नव्हता, एवढं मात्र मान्य करायला हवं. त्याला तिची कंबर खरंच दिसत होती. म्हणूनच तर त्याचं बोलणं पालथ्या घड्यावर पडलं नाही. आज दुपारी साहेब येणार होता आणि थोरलीनं मनावर दगड ठेवून सही करायचं ठरवलं होतं. ते अजून तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

तिनं पंप बंद केला. घरघर थांबली आणि रान एकदम रिकामं झालं. पाखरू नाही, वारा नाही. ओल्या मातीचा वास, आणि त्यात दगडावर दगड घासल्यावर येतो तसा जळका वास.

टक... टक...

पंप निवतोय, तिला वाटलं. तापलेलं लोखंड असं वाजतं.

टक... टक...

आवाज बांधाकडून येत होता. तिथे दिरानं नमुना म्हणून कंपनीला थोडी जागा दिली होती. खांबांसाठी खड्ड्यांची एक ओळ आणि तिच्या टोकाला उभं केलेलं एकच काळंनिळं पॅनल. थोरली जवळ गेली. पॅनलवर सावली पडली होती.

वाकलेल्या बाईची सावली. कमरेवर पाटी. ती खाली वाकत होती, काहीतरी ठेवत होती आणि पुन्हा उठत होती. थोरलीनं पॅनलच्या समोर पाहिलं. समोर गहू होता, ऊन होतं, आणि सावली पाडायला काहीही नव्हतं.

भीती नंतर आली. आधी तिचा हात डोक्याकडे गेला आणि तिनं पदर सारखा केला.

"आई...?" ती हळूच म्हणाली.

सावली थांबली. पाटी या कमरेवरून त्या कमरेवर गेली, आणि पॅनल कोरं झालं.

थोरली खड्ड्यांपाशी आली. काल खणलेले खड्डे काठोकाठ भरलेले होते. दगडांनी. प्रत्येक दगड पोटावर, फटींत बारीक चिपा ठोकलेल्या. तिनं पाय ठेवून बघितला. दगड हलला नाही. फक्त शेवटचा एक खड्डा उघडा राहिला होता. त्याच्या कडेला एक दगड काढून ठेवलेला होता.

तेवढ्यात माणसांचा आवाज आला. साहेब, दीर आणि त्यांच्या मागं अर्धं गाव. आज काय होतंय ते बघायला सगळेच आले होते.

"रोज हेच चाललंय," साहेब खड्डे दाखवत म्हणाला. "आम्ही खणायचं आणि कोणीतरी भरायचं. मजूर यायला तयार नाहीत."

दिरानं थोरलीला बाजूला घेतलं. "वहिनी, हे तुमचं काम आहे. आईची पद्धत तुमच्याशिवाय कुणाला येते?"

"मला येत नाही, भाऊजी..." ती तितक्याच हळू म्हणाली. "तुम्हाला ठाऊक आहे. माझा दगड डुलतो."

दिरानं भरलेल्या खड्ड्यावर पाय ठेवला, दाबला, आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. त्याचा चेहरा उतरला.

साहेबाला यातलं काही कळलं नाही. माणूस वाईट नव्हता, उन्हानं बेजार झाला होता. कागद पुढं करत तो म्हणाला, "बाई, सही करून टाका. नाहीतरी पडीकच जमीन आहे."

 बांधावरचे म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले.

टक... टक...

या वेळी आवाज साहेबाच्या पायाखालून आला.

"पंप असेल," कोणीतरी पुटपुटलं.

"पंप मी बंद केलाय," थोरली म्हणाली.

तिच्या हातात कागद होता. वरच्याच ओळीत तो शब्द होता. सकाळी ठरवलेलं सगळं तिला आठवत होतं, कंबरही दुखत होती. पण त्या शब्दावर आपलं नाव लिहायचं म्हणजे हातानं पायावर धोंडा पाडून घेणं, आणि तोही सासूनं वेचून बाजूला ठेवलेला.

"भाऊजी," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "गव्हात हात घाला. कुठंही घाला. एक दगड सापडू दे, मी आत्ता सही करते."

दीर गव्हात गेला. वाकून त्यानं बोटं मातीत खुपसली. माती मऊ होती, मनगटापर्यंत हात आत गेला. त्यानं दुसरीकडे घातला, मग तिसरीकडे. माती मुठीत चाळून चाळून बघितली. मग तो तिथंच खाली बसला.

"आई मला पाटीत बसवून फिरायची," तो म्हणाला. "एका कमरेवर मी, दुसऱ्या कमरेवर दगड." आणि मोठा बाप्या माणूस, साऱ्या गावादेखत रडला.

थोरलीनं कागद साहेबाच्या हातात परत दिला. "नाही," ती म्हणाली. त्या एका शब्दानं ती स्वतःलाच एवढी मोठी वाटली की आपल्याच डोक्यानं ऊन अडलंय असं वाटावं. बांधावरच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते आपल्या घरातल्या लेकीचं नाव झाल्यावर असतं तसं होतं.

साहेबानं घाम पुसला, पायाखाली एकदा पाहिलं आणि म्हणाला, "डोंगराचं बघू मग." गाडीपर्यंत तो जरा भरभरच चालला. पॅनल उद्या काढून नेतील असं ठरलं.

लोक पांगले. उन्हं उतरली. दीर वाटेवर थांबून राहिला, आणि थोरली उघड्या खड्ड्यापाशी आली. कडेला काढून ठेवलेला दगड तिनं उचलला. हातात फिरवला. एका बाजूला तो किंचित जड लागला, ओंजळीत आपणहून कललाच. अरेच्चा, हे होय, तिला वाटलं. एवढी वर्षं सासू हेच सांगत होती. खड्ड्याच्या खोलातून निघालेल्या दगडांनी तिनं आधी खड्डा भरत आणला, मग तो वर पोटावर निजवला आणि त्यावर पाय ठेवला.

दगड डुलला नाही.

तिनं त्याच्या पाठीवर दोनदा ठोकलं. "बस आता," ती म्हणाली.  मागं वळून तिनं पॅनलकडे पाहिलं. त्यावर तिची सावली होती. थोरली स्वतः ताठ उभी होती आणि तिचे दोन्ही हात मोकळे होते. सावली मात्र वाकलेली होती आणि तिच्या कमरेवर पाटी होती.

थोरली बराच वेळ बघत राहिली. मग पदर सारखा करून वाटेला लागली. कंबर दुखत नव्हती, कित्येक वर्षांत पहिल्यांदा.

मावळतं ऊन पाठीवर होतं. वाटेवर दिराची लांबलचक सावली पुढं पुढं चालली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पायांपुढच्या वाटेकडे पाहिलं, आणि त्याची पावलं अडखळली.

"वहिनी... तुमची सावली..."

"राहिली असेल मागं," थोरली मागं न बघता म्हणाली. "तिथं अजून काम आहे."

बांधाकडून आवाज आला. टक... टक...