उजवा कान

शिवलीलाच्या दोन खोल्या सात रस्त्याच्या एका आडगल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर होत्या. खिडकी उघडली की रिक्षांचे हॉर्न आत येत, म्हणून ती बंदच असे. सोळा वर्षं तिनं एका दंतवैद्याकडे कवळ्या बनवल्या. मग चाळिशीच्या तोंडावर पुण्याला जाऊन ती सिलिकॉनचे कान, नाक, बोटं करायला शिकून आली. तिच्याकडे यंत्रमागात बोट गमावलेले कामगार यायचे, भाजलेल्या बाया यायच्या. कसं झालं, हे ती कुणाला विचारत नसे. माप घेताना माणूस आपणहून बोलतो, हा तिचा अनुभव.

इंद्रजीत बोलला नाही.

तो माळशिरसकडचा, पस्तिशीच्या आतबाहेरचा, घरचा मोठा ऊस. मार्चच्या उन्हात त्यानं डोक्याला मफलर गुंडाळला होता. झाडलोट आणि चहापाणी बघणारी नागम्मा तो सोडवायला पुढं झाली, तर त्यानं तिचं मनगट असं पिरगाळलं की दोन बांगड्या जागेवर फुटल्या आणि काच कातडीत घुसली.

"अंगाला हात लावायचा न्हाय," तो म्हणाला. मग हसला. "जुनी सवय हाय."

नागम्मा रक्त पुसत आत गेली. शिवलीलानं त्याला तेव्हाच जिना दाखवायला हवा होता. पण मफलर सुटला होता आणि तिची नजर कामावर गेली होती. उजव्या कानाचा वरचा अर्धा भाग नव्हता.

"कशानं?" कधी नव्हे ते ती विचारून बसली.

"कुत्रं. चार वर्सं झाली." त्यानं आरशाकडे पाठ केली. "वैशाखात लगीन हाय. त्याच्या आदी कान पायजे. लोकं फोटो काडत्यात."

कुत्रं ओरबाडतं, फाडतं. ही कड कमानीसारखी गोल आणि सलग होती. पण शिवलीलानं ठशाचं सामान पुढं ओढलं.

तिनं डाव्या कानाचा ठसा घेतला आणि त्याचं उलटं रूप मेणात कोरायला घेतलं. उजवा कान शाबूत असतानाचा एखादा फोटो पाठवा, असं तिनं सांगितलं. त्यानं मोबाइलवर लग्नातला फोटो पाठवला. शेजारी मुंडावळ्या बांधलेली नवरी.

"पैली बायको. वैजयंती," फोनवर तो म्हणाला. "पळून गेली."

"कुणाबरोबर?"

"गेली म्हन्लं की."

कान सुरेख झाला. त्याच्या कातडीचा रापलेला रंग, कानामागची निळसर शीर, सगळं जुळलं. गोंदानं बसवल्यावर तो कितीतरी वेळ आरशासमोर मान वळवत राहिला, आणि शिवलीलाला बरं वाटलं.

नवव्या दिवशी भर दुपारी तो जिना चढून आला आणि त्यानं तो कान टेबलावर फेकला.

"ही काय थट्टा लावलीय?"

वरच्या कडेवर दातांच्या खुणा होत्या. पुढून एक ओळ, मागून एक ओळ. कुणीतरी कचकन चावा घेतल्यासारख्या.

"हे कुणी केलं?"

"कुणीच न्हाय. मी जेवत बसलेलो. एकटा." त्याचा आवाज खाली आला. "आन लई दुखलं."

"सिलिकॉन दुखत नाही."

त्यानं टेबलावरची सगळी हत्यारं एका हातानं खाली लोटली. कोरणी नागम्माच्या पायाशी फरशीच्या फटीत रुतली. "दुखलं म्हन्तोय की मी! दुसरा करा."

तो गेल्यावर शिवलीलानं पक्कड घेतली आणि कानाची कड जोर लावून दाबली. पक्कड सोडताच सिलिकॉन होतं तसं फुगून आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. एकदा पक्कं झालेलं सिलिकॉन खूण धरून ठेवत नाही. खूण राहायची तर ती साच्यातच असायला हवी. तिनं साचा भिंगाखाली धरला. साचा स्वच्छ होता.

मग तिनं त्या खुणांत पातळ प्लास्टर ओतलं. सुकल्यावर दातांची नक्कल हातात आली. वर सहा, खाली पाच. अरुंद जबडा, बहुतेक बाईचा, तरुण. वरचा डावीकडचा एक दात आडवा वळून शेजारच्यावर चढलेला. सोळा वर्षांत तिनं हजारो जबडे पाहिले होते. असला दात विसरता येत नाही.

दुसरा कान तिनं लोखंडी कपाटात ठेवला. किल्ली कमरेला. इंद्रजीत यायच्या दिवशी सकाळी कपाट उघडलं, तर खुणा तिथं होत्या. या वेळी एका जागी दात आरपार गेले होते.

नागम्मा दारातून बघत होती. "इदु ब्याडा, अक्का," ती कानडीत म्हणाली. हे नको. तिच्या मनगटावरची जखम अजून भरली नव्हती.

खोट मालात असेल, असं शिवलीलानं स्वतःला बजावलं. इंद्रजीतला आठवडाभर थांबायला सांगून तिनं सिलिकॉनचा नवा डबा मागवला आणि तिसरा कान घडवला. रंग जुळवताना तिनं तो लग्नाचा फोटो पुन्हा उघडला. इतके दिवस ती त्यात फक्त कान बघत होती. आज बोट चुकून सरकलं आणि नवरीचा चेहरा मोठा झाला.

वैजयंती तोंड उघडून हसत होती. वरचा डावीकडचा दात आडवा होता.

शिवलीलानं प्लास्टरची नक्कल उचलून फोटोतल्या दाताशेजारी धरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंद्रजीत आला तो होणाऱ्या बायकोला घेऊनच. रेश्मा तिचं नाव. चोवीस-पंचवीसची, बँकेत नुकतीच लागलेली. ती खुर्चीत बसताना बाही वर सरकली आणि दंडावर चार बोटांचे पिवळे पडत चाललेले वळ दिसले. तिनं घाईनं बाही ओढली.

शिवलीलानं तिसरा कान बसवला; त्यावर अजून खूण नव्हती. "गोंद धरेपर्यंत पंधरा मिनिटं हलू नका," असं त्याला सांगून ती रेश्माला आतल्या खोलीत घेऊन गेली. दार लोटलं. प्लास्टरचे दात आणि फोटो तिच्यापुढं ठेवले.

"त्यांचा कान कुत्र्यानं तोडलेला नाही. या बाईनं तोडलाय. आणि तिच्याच दातांच्या खुणा मी केलेल्या कानांवर उमटतायत. त्या कशा, ते मला माहीत नाही. लग्न करू नका, एवढं कळतं."

रेश्मानं त्या आडव्या दातावर बोट ठेवलं. "मला म्हणाले, ती दागिने घेऊन पळाली." मग हळूच, "मी लग्न नको म्हटलं होतं एकदा, ताई. तेव्हाच हे वळ उठले."

दार भिंतीवर आपटलं.

"काय दावतीस तिला?" इंद्रजीत म्हणाला.

त्यानं रेश्माचे केस धरले आणि तिचं कपाळ कपाटावर हाणलं. एकदा. दुसऱ्यांदा. लोखंड घुमलं. शिवलीला मध्ये पडली, तर त्यानं प्लास्टर खरवडायची सुरी उचलून तिच्यावर ओढली. तळहात उभा फाटला. ती भिंतीला आदळून खाली बसली. रेश्मा रांगत कोपऱ्याकडे सरकत होती आणि फरशीवर तिच्या कपाळाचं रक्त ओढलं जात होतं.

"तिनंबी असंच तोंड उगडलं हुतं," तो म्हणाला. सुरी घेऊन तो रेश्मावर वाकला.

आणि थांबला.

त्याची मान उजवीकडे वाकडी झाली. कुणी कान धरून खाली ओढावं तशी.

शिवलीला तीन हातांवर होती. खोलीत ऊन होतं. तिला सगळं स्वच्छ दिसलं. त्याच्या उजव्या कानाच्या कडेत एक खळगा पडला. मग दुसरा. मग शेजारी शेजारी सहा.

सिलिकॉन फाटलं. तुकडा खाली पडला.

"कोन हाय?" तो ओरडला.

त्याच्या मागं कुणी नव्हतं.

मग त्याची मान डावीकडे वळली. चांगल्या कानाकडे. कातडी आत दबली, पांढरी झाली, फुटली. रक्त गळ्यावरून शर्टात गेलं. सुरी पडली. तो दोन्ही हातांनी हवेत काहीतरी ढकलत होता, आणि ते हलत नव्हतं.

कूर्चा तुटल्याचा आवाज झाला. काकडी मोडल्यासारखा.

"वैजे, सोड! सोड की गं!"

सोडलं नाही.

"सांगतो! हिरीच्या वरल्या अंगाला! पडीक तुकड्यात पुरलंय!" तो गुडघ्यांवर कोसळला. "मीच मारलं! सोड!"

डाव्या कानाचा अर्धा भाग फरशीवर पडला. कड गोल होती.

नागम्माच्या आरोळीनं झेरॉक्सवाला आणि चार माणसं वर आली. इंद्रजीत दोन्ही कान झाकून तेच तेच सांगत होता. पोलीस आले तरी सांगत होता. रेश्माच्या कपाळाला नऊ टाके पडले. पण ती जबाब देताना एकदाही अडखळली नाही. पोलिसांनी तिघी बायकांच्या दातांचे ठसे घेतले. एकीचेही जुळले नाहीत.

चौथ्या दिवशी माळशिरसकडच्या त्या शेतात खोदाई झाली. शिवलीलाला प्लास्टरची नक्कल घेऊन बोलावलं होतं. चारी बाजूंनी उभा ऊस, मध्ये विहिरीच्या वरच्या अंगाला तेवढाच तुकडा मोकळा. त्यात इंद्रजीतनं चार वर्षं पाण्याचा थेंब सोडला नव्हता. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. खाली माती भुकटीसारखी झाली होती, आणि तिच्यात एक बाई कुशीवर होती. तहसीलदारांनी रुमाल नाकाला लावला, पण वास असा काही नव्हताच.

हाडं वाळून हलकी झाली होती. डॉक्टरांनी कवटी ट्रेमध्ये ठेवली आणि मऊ ब्रशनं धूळ झटकली. जबडा घट्ट मिटलेला होता. त्यांनी शिवलीलाला जवळ बोलावलं. टाके घातलेला हात पाठीमागं ठेवून, दुसऱ्या हाताचं हातमोज्यातलं बोट तिनं दातांच्या कडेवरून सावकाश फिरवलं. मग ते बोट उन्हात धरून बघितलं.

बाकी सगळं कोरडं होतं. दात तेवढे ओले होते, आणि कोमट.