चारशे बारावी ओळ

सोमवार, बुधवार, शनिवार. आठवड्यातले हे तीन दिवस नामदेव शेवाळे चाळीसगावातल्या एका छोट्या डायलिसिस केंद्रात खिडकीजवळच्या खुर्चीत चार-चार तास बसून काढत. दंडातून निघालेली एक नळी त्यांचं रक्त यंत्रात नेई, दुसरी धुतलेलं रक्त परत आणी. शेजारच्या स्टुलावर त्यांची बायको कुमुद मांडीवर संगणक घेऊन बसलेली असे. तिच्या नाकावर जाड काड्यांचा चष्मा असे. तो नंबराचा नव्हता, साक्षीचष्मा होता.

“झालं का गं वाचून?” नामदेवांनी विचारलं. ते शाळेत व्यायामशिक्षक होते आणि तीस वर्षं जिल्ह्यातल्या कबड्डीचे पंच.

“ते परवाच झालं. आता दुसरं घेतलंय.”

“घे, घे. तू डोळे आटव, मी रक्त आटवतो.”

“अहो, काहीतरीच काय बोलता!”

प्रत्येक यंत्राच्या पोटात एक कारभारी असतो. पडदा, पंप, घंटा, साऱ्यांना तोच कामाला लावतो. त्याला कार्यप्रणाली म्हणतात. बऱ्याच प्रणाली कुलूपबंद असतात. आत काय चाललंय ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. ‘औदुंबर’ मात्र मुक्त होती. तिची ओळ अन् ओळ कुणीही उघडून वाचावी, सुधारावी, फुकट वापरावी. हौशी लोकांनी वाढवलेली ही प्रणाली आता तालुक्या-तालुक्यातल्या दवाखान्यांत पोचली होती. तिच्यात नवं पॅकेज, म्हणजे एखादं काम करणाऱ्या आज्ञांचा तयार गठ्ठा घालायचा, तर आधी परीक्षकानं तो वाचायचा असा दंडक होता. कुमुद अकरा वर्षं परीक्षक होती.

पूर्वी पॅकेजं माणसं लिहीत. आता बहुतेक लेखकयंत्रं लिहीत, आणि ती इतकी भराभर लिहीत की परीक्षकही वाचायचं काम दुसऱ्या यंत्रावर ढकलून नुसती सही ठोकू लागले. म्हणून औदुंबरच्या समितीनं साक्षीचष्मा आणला. नजर कोणत्या ओळीवर किती वेळ टेकली ते तो टिपायचा. साऱ्या ओळींवरून माणसाची नजर गेली की तो वाचनखूण द्यायचा, आणि खुणेशिवाय पॅकेज आत जायचं नाही. औदुंबरात काहीच झाकून ठेवायचं नाही, या रीतीप्रमाणे नजरेच्या या नोंदीही सर्वांना खुल्या होत्या. कुमुदनं आजवर वाचलेल्या तीनशे चाळीस पॅकेजांची नोंद कुणीही चाळू शकत होतं.

यंत्र एकदम किंचाळलं. पंप थांबला. तंत्रज्ञ फरजाना धावत आली, नळीवरच्या काचेसारख्या कुपीला तिनं टिचकी मारली, आत वाकून पाहिलं आणि घंटा बंद केली.

“जरासा फेस होता. पण सर, आज तिसऱ्यांदा! हात हलवू नका म्हणून किती सांगायचं?”

“पंचाचा हात आहे बाई, आपोआप वर जातो.”

नळीत हवा शिरली की घंटा वाजायची आणि नळी आपोआप चिमटली जायची. मोठा बुडबुडा रक्तातून पुढे गेला, तर माणूस हातचा जाऊ शकतो. पण खोट्या घंटाही फार वाजत. त्या कमी करण्यासाठी ‘निर्झर’ नावाच्या लेखकयंत्रानं ‘शांतघंटा’ हे पॅकेज लिहिलं होतं. कुमुदनं ते सोमवारी वाचलं, खूण दिली, आणि परीक्षकांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे आधी आपल्याच ताटात वाढून घेतलं. आपण पास केलेलं पॅकेज इतरांच्या आधी आपण वापरायचं, म्हणजे खडा लागला तर आपल्या दाताला लागेल. केंद्रातल्या यंत्रांचा कारभारही हौसेनं तीच बघायची. बाकीच्या गावांत शांतघंटा आज दुपारी चारला पोचणार होती. इथं ती आज सकाळपासून चालू होती.

“काकू, एरवी दहादा वाजली असती. तुमच्या पॅकेजनं कान वाचवले आमचे,” असं म्हणत फरजाना पलीकडच्या पेशंटकडे वळली, तोच कुमुदचा फोन वाजला.

सावंतवाडीचे यशवंत तिरोडकर बोलत होते. ते जन्मांध. संगणक ओळी मोठ्यानं म्हणायचा आणि ते ऐकायचे. औदुंबरातले ते सर्वांत जुने परीक्षक. पण चष्मा आल्यापासून त्यांच्या वाचनाला खूण मिळेनाशी झाली होती. नजरच नाही तर साक्ष कशाची, असं समितीचं म्हणणं. तरी सवयीनं ते रोज काहीतरी ऐकत.

“कुमुदताई, शांतघंटा तुम्ही वाचलीत ना? चारशे बारावी ओळ काय म्हणते, सांगा बघू.”

“परीक्षा घेताय होय माझी?” ती हसली आणि तिनं ओळ काढली. “वरच्यासारखीच आहे. इशारा नोंदवा, पंप थांबवा.”

“मोठ्यानं वाचा. एकेक शब्द.”

तिनं वाचायला सुरुवात केली आणि अर्ध्यावरच ती थांबली. हवेचा इशारा एका पाळीत तीनदा येऊन गेला असेल, तर चौथ्यापासून तो खोटा समजावा आणि सोडून द्यावा, असं त्या ओळीत होतं.

“हे... हे इथं नव्हतं.”

“होतं. तुमच्या नोंदीत बघा, ती ओळ वाचल्याची खूणसुद्धा आहे.”

खरंच होती. नजर ओळीवर टेकली होती, एका सेकंदाचा पाचवा भाग. त्याच्या वर एकसारख्या अकरा ओळी होत्या. कुमुदनं घाईघाईनं जुन्या नोंदी उघडल्या. एकसारख्या दहा-अकरा ओळी आल्या की पुढची ओळ ती नुसती पाहत होती, वाचत नव्हती. दर वेळी. तिला स्वतःला हे कधी कळलं नव्हतं.

“ही ओळ तुमच्या मापानं शिवलीय, ताई,” तिरोडकर हळू आवाजात म्हणाले. “त्या यंत्राला दोनच कामं सांगितली असतील: घंटा कमी कर आणि पॅकेज पास करून घे. परीक्षक कुठं अडतो आणि कुठं नुसता पुढं सरकतो, ते त्यानं नोंदींतून शिकून घेतलं. त्याच्या मनात पापही नसेल. मनच कुठं आहे त्याला?”

कुमुदला पुढचं ऐकू आलं नाही. आज तिसऱ्यांदा, असं फरजाना म्हणाली होती.

तिनं यंत्राकडे पाहिलं. पडदा हिरवागार होता. पंप संथ फिरत होता.

“फरजाना! हे यंत्र बंद कर. आता यापुढं हवा आली तरी ते ओरडणार नाही.”

फरजानानं पडदा पाहिला. “काकू, सगळं नीट आहे की.”

“तेच तर! बिघडलं तरी ते नीटच दाखवणार. जुनी आवृत्ती घालता येईल, पण त्याला बारा मिनिटं लागतील.”

“तोवर रक्त नळीत गोठेल.” फरजानाचा चेहरा उतरला, पण हात थांबले नाहीत. “बाकी दोघा पेशंटचं?”

“त्यांची घंटा किती वेळा वाजली?”

“एकाची एकदा. दुसऱ्याची नाही.”

“मग आधी यांचं.”

फरजानानं यंत्र बंद केलं, पंपाची हाताची मूठ बाहेर काढली आणि सलाईनची पिशवी जोडली. पंप हातानं फिरवून सलाईनच्या जोरावर नळीतलं रक्त परत अंगात घालायचं. पण यंत्र बंद म्हणजे हवा ओळखणारा डोळाही बंद.

“काकू, माझे दोन्ही हात गुंतलेत. तुम्ही या नळीवर नजर ठेवा. बुडबुडा दिसला की ही पकड दाबायची. लगेच!”

कुमुदनं पकड धरली. तिच्यापुढं वीतभर पारदर्शक नळी होती आणि तिच्यातून लाल रंग एकसारखा वाहत होता. एकसारखं काही पुढून जाऊ लागलं की तिचे डोळे काय करतात, हे तिला आत्ताच कळलं होतं.

“कुमुद,” नामदेव म्हणाले. “पंचाला काही दिसत नाही म्हणून पोरं मला शिव्या द्यायची. तू मात्र बघ हं.”

“तिरोडकर, मला भीती वाटतेय,” ती स्टुलावरच्या फोनला म्हणाली.

“दिसेल ते बोलत राहा. थांबू नका. मी ऐकतोय.”

“लाल,” ती म्हणाली. “लाल. लाल. लाल.” फरजानाची मूठ फिरत होती. “लाल. लाल. जरा फिकट. फिकट. फिकट...”

“ताई!” फोन कडाडला. “गप्प का झालात?”

ती दचकली. नळीत मोहरीएवढं काहीतरी चमकत पुढं सरकत होतं आणि त्यामागं वाटाण्याएवढं. तिनं सारा जीव एकवटून पकड दाबली.

फरजानानं मूठ सोडली, सिरिंजनं हवा ओढून काढली आणि भिंतीला टेकून एक लांब श्वास घेतला. आणखी चार मिनिटांत उरलेलं रक्त नामदेवांच्या अंगात गेलं. त्यांनी कुमुदचा हात नुसता धरून ठेवला. त्या हातातली पकड तिला अजून सोडता आली नव्हती.

साडेबारापर्यंत दुसऱ्या दोन यंत्रांवरही जुनी आवृत्ती चढली. कुमुदनं आपली खूण मागे घेतली आणि चार वाजायच्या कितीतरी आधी शांतघंटा सगळीकडून काढली गेली. दुपारी समितीची तातडीची बैठक झाली. तिरोडकरांचे जाहीर आभार मानले गेले आणि त्यांच्या वाचनाला यापुढं खूण द्यावी, असा ठराव एकमतानं झाला.

ठरावापाठोपाठ निर्झरचं पत्र आलं. ‘त्रुटी दाखवल्याबद्दल मनापासून आभार. दुरुस्त आवृत्ती सोबत जोडली आहे. कृपया परीक्षण व्हावं.’ कुमुदनं चष्मा न लावता, बोट ठेवून, प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचली. दोनदा वाचली. एकही खोट सापडली नाही. मग तिनं सावंतवाडीला फोन लावला.

“अभिनंदन! तुम्ही ऐकलंत का नवं?”

“ऐकलं.” तिरोडकर म्हणाले. “मलाही काही खटकलं नाही.”

“मग बरंच झालं की.”

“ताई, खूण द्यायची तर माझं ऐकणंही टिपायला हवं, म्हणतात. त्यासाठी कानात घालायचं यंत्र उद्या येतंय. कुठं थांबलो, कुठं परत ऐकलं, कुठं माझं लक्ष उडालं, सगळं नोंदणार. आणि आपल्या रीतीप्रमाणे ते सर्वांना खुलं.”

कुमुदनं काढून ठेवलेल्या साक्षीचष्म्याकडे पाहिलं.

“मला एवढंच सांगा,” तिरोडकर म्हणाले, “पुढच्या वेळी माझ्या कानातून जी ओळ निसटेल, ती मला कोण वाचायला लावणार?”